पत्र्याखालची वीतभर फट

मी एक जुनी पत्र्याची खोली आहे. लातूरहून औशाच्या वाटेला लागलं की दीड कोसावर उजव्या हाताला एक फुलमळा लागतो, त्या मळ्याच्या कोपऱ्यात मी उभी आहे. मित्रांनो, खोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पलंग, खिडकी आणि भिंतीवरचं कॅलेंडर येत असेल. माझ्यात तसलं काही नाही. कमरेइतक्या दगडी भिंती, त्यांच्यावर पत्रा आणि डोक्यावरही पत्रा. खुरपी, कुदळी, फुलांच्या करंड्या आणि बी-बियाणं ठेवायला मला बांधलं. लोक मला नुसतं ‘पत्रा’ म्हणतात. खोली म्हणायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत. मी ते मनावर घेत नाही. म्हणजे घेते, पण दाखवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्यात भूत आहे, असं तुम्ही ऐकलं असेल. पहाटे इथे एक बाई रडते आणि तिची आसवं पत्र्यावरून गळतात, असं या रस्त्याने जाणारी माणसं एकमेकांना सांगतात आणि पाय उचलून चालतात. त्या भुताची हकिकत मला एकटीला पुरती ठाऊक आहे. तिच्यात थोडा दोष माझाही आहे. तो पोटात ठेवून आता मला कंटाळा आला, म्हणून सांगायला बसले.

माझे पत्रे पूर्वी लातूरच्या एका कापसाच्या गोदामावर होते. गोदाम मोडलं तेव्हा रेवणप्पांनी ते बैलगाडीत घालून मळ्यात आणले. रेवणप्पा म्हणजे या मळ्याचे मालक. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. शेवंती, झेंडू आणि बेल ही त्यांच्या मळ्याची पिकं. त्यांच्या बायकोचं नाव गंगम्मा. ती उदगीरच्या पलीकडची, कानडी मुलखाच्या कडेची. बोलता बोलता तिचं मराठी मध्येच कानडीत घसरायचं आणि पुन्हा वर यायचं.

चंद्रप्पा मिस्त्रीने माझा पत्रा भिंतीवर घट्ट बसवायला घेतला, तेव्हा गंगम्मा भाकरी घेऊन आली होती. तिने टोपली खाली ठेवली आणि भिंत व छप्पर यांच्यामध्ये हाताची वीत धरली.

“चंद्रप्पा, इतकं मोकळं सोड. चारी बाजूंनी.”

“अव्वा, थंडी घुसंल की. पाऊस घुसंल.”

“घुसू दे. घुसलेलं बाहेर पडायला वाट पायजे. हितं बी ठिवायचंय, माणूस न्हाई निजायचं.”

चंद्रप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला, पण फट सोडली. मला मात्र राग आला. नवी खोली आणि अंगाला चारी बाजूंनी भगदाड! शेजारच्या मळ्यातला गोठा मला हसतो आहे असं मला वाटायचं. अक्कल यायला मला पुढे अकरा वर्षं लागली.

गंगम्माला पत्र्याचा स्वभाव माहीत होता. उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच थंडीच्या दिवसांत पत्र्याला आतून फुटतो. रात्री पत्रा गार पडतो, आत कोंडलेल्या हवेत ओल असेल तर ती त्याला चिकटते, तिचं पाणी होतं आणि खाली गळतं. खाली बियाणं असलं की मग संपलंच. म्हणून तिने नियम केले होते. पत्र्याच्या आतून कडब्याचा जाड थर बांधला होता, म्हणजे गार पत्रा आणि आतली हवा यांची गाठच पडायची नाही. बियाण्याचे रांजण दगडांवर ठेवलेले, भिंतीपासून हातभर लांब. ओली करंडी, ओलं पोतं, ओलं फडकं आत आणायचं नाही. ऊन वर आलं की दार उघडायचं, मावळतीला लावायचं. एकदा रेवणप्पांनी हात धुऊन ओला पंचा माझ्या खुंटीवर टाकला, तर ती आठ दिवस त्यांना ऐकवत होती. ते बिचारे गालात हसायचे आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर जायचे. मला ते दोघं फार आवडायचे, हे आता कबूल करते.

मग तो दुष्काळ आला. बहात्तर सालचा. त्याच्या आधीच्या वर्षीही पावसाने हात आखडता घेतलाच होता. विहिरीचा तळ दिसू लागला, शेवंती उभी वाळली, आणि लोकांनी घरातलं बियाणं दळायला सुरुवात केली. दोष कुणाला द्यायचा? पोर रडत असलं की रांजणातल्या ज्वारीला बी म्हणायचं धैर्य कुणाला राहत नाही.

तेव्हा गंगम्माने एक काम केलं. ती सात घरी गेली. दारात उभी राहून म्हणाली, “निम्मं खा. निम्मं माझ्या पदरात घाला. पाऊस पडला की परत न्या. घरात राहिलं तर तुम्ही खाल, म्हणून मागती.” असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं. तिला सातही घरांनी दिलं. भामाबाई म्हणून एक होती, तिची तीन एकर कोरडवाहू होती. तिने दोन पायल्या ज्वारी पदरात घातली आणि तोंड फिरवून घरात गेली. ज्वारी, तूर, मूग असं सगळं मिळून पाच रांजण भरले. त्यांच्या तोंडावर लिंबाचा पाला, राख आणि फडकं. सात घरांची पुढच्या वर्षाची भाकरी माझ्या पोटात होती. मी त्या दिवसांत श्वाससुद्धा जपून घेत होते.

पुढे बैलांचे हाल बघवेनात. कडबा कुठेच मिळेना. एक दिवस गंगम्मा शिडी लावून वर चढली आणि माझ्या पत्र्याखालचा सगळा थर सोडून बैलांपुढे टाकला. उतरताना तिने माझ्या उघड्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “फट हाय तोवर फिकीर न्हाई.” चार दिवसांनी तिचा मुलगा मन्मथ बैल घेऊन छावणीवर गेला. मळ्यात राहिले रेवणप्पा, गंगम्मा आणि सून महानंदा.

दिवाळी झाली आणि गंगम्मा तापाने पडली. घर मळ्यातच होतं, माझ्यापासून वीस पावलांवर, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं. घागर कोरडी होती. महानंदा सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. रेवणप्पा घागर घेऊन नदीकडे धावले. नदी कसली, वाळूच होती. तिच्यात खड्डा करून बसायचं आणि वाटीवाटीने पाझर भरायचा. तिथे चाळीस माणसं रांगेत होती. ते परत आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. त्यांनी वाटी तिच्या ओठांना लावली. पाणी आत गेलं नाही, गालावरून खाली आलं.

ते वाटी तशीच धरून बसले. महानंदा आली, तिने ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

लिंगायतांत देह जाळत नाहीत, मातीत बसवतात. गंगम्माला मळ्यातच, माझ्या मागे दहा पावलांवर बसवलं. मांडी घालून, हातात तिचं लिंग, भोवती भस्म आणि बेल. बेलाची झाडं तेवढी अजून हिरवी होती. स्वामी येऊन गेले, लोक येऊन गेले, ओटा लिंपून झाला. मग माझ्या मागे फार शांत झालं, आणि ती शांतता मला सहन होईना. ऊन वर आलं की माझं दार उघडायला ती यायची. आता दुपार कलली तरी कुणी येत नव्हतं.

त्या वर्षी कुत्री आणि कोल्हे भुकेने पिसाळले होते. ताजी माती उकरायचे. म्हणून रेवणप्पांनी घोंगडी उचलली आणि समाधीची राखण करायला माझ्यात निजायला आले. महानंदा म्हणाली, “आप्पा, घरात निजा, थंडी हाय.” ते म्हणाले, “ती बाहेर हाय.”

थंडी खरंच होती. पहिल्या रात्री त्यांचे दात वाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माती आणि शेण कालवलं, आणि गंगम्माने वितीने मोजून ठेवलेली माझी फट चारी बाजूंनी लिंपून टाकली. दाराच्या खालीही पोतं कोंबलं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. अकरा वर्षांनी माझ्या अंगावरचं भगदाड बुजलं होतं. आत ऊब आली. गोठ्याकडे मी मुद्दाम बघितलं.

तिसऱ्या पहाटे माझ्या पत्र्यावरून एक थेंब सुटला आणि रेवणप्पांच्या कपाळावर पडला.

ते उठून बसले. वर बघितलं. पत्रा सगळा थेंबांनी भरला होता. बाहेर चार महिन्यांत आभाळातून काही पडलं नव्हतं, आणि इथे डोक्यावर पाणी. आणखी एक थेंब पडला, त्यांच्या उताण्या हातावर. त्यांनी तो हात तोंडापाशी नेला, मग थांबले आणि समाधीकडच्या भिंतीकडे वळले.

“गंगम्मा,” ते म्हणाले, “तू मागितलं, मी दिलं न्हाई. आता तूच देतीस काय?”

मित्रांनो, त्या वेळी मी खरं सांगू शकले असते तर? पण पत्र्याला कुठे तोंड असतं? आणि खरं सांगायचं, तर मला सांगायचंही नव्हतं. गंगम्मा गेल्यापासून ऊन वर आलं की माझं दार उघडायला कुणी येत नव्हतं. आता एक माणूस माझ्याकडे असा बघत होता, जसं कुणी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी काशाची वाटी आणली आणि थेंब पडेल तिथे धरू लागले. रोज पहाटे घोटभर पाणी निघायचं. त्या पाण्याने ते डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करायचे. दुष्काळात त्यांनी पूजेचं पाणी चमचाभरावर आणलं होतं, आता त्यांना धार धरता येत होती. पूजा झाली की ते तिच्याशी बोलायचे. मन्मथचा निरोप आला, बैल बरे हाईत. बेलाला कीड लागली. शेवंतीचे मुनवे, बुंध्याशी फुटलेले कोंब, मेले, पुढच्या वर्षी तुझ्या माहेराहून आणू. ते बोलायचे आणि मी गळायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं बोलताहेत.

गावात बातमी गेली. बायका लोटा घेऊन यायच्या, दारातून हात जोडायच्या. कुणी माझ्या कडीला बेल बांधला. एका म्हातारीने माझ्या भिंतीला डोकं टेकवलं. ज्या माझ्याकडे लोक ‘पत्रा’ म्हणून बघायचे, त्या मला आता ‘गंगम्माची खोली’ म्हणू लागले. मी फुगले. फार फुगले. पोटातल्या रांजणांकडे माझं लक्षच नव्हतं.

लक्ष महानंदाचं होतं. ती सासूच्या हाताखाली तयार झाली होती. एका सकाळी ती आत आली आणि नुसतं नाकाने हुंगलं. मग रांजणावरच्या फडक्याला हात लावला. फडकं ओलं होतं.

“आप्पा, बियाला वास येतोय. फट उघडावी लागंल. न्हाईतर रांजण घरात न्यावे लागतील.”

“घरात उंदरं हाईत. तिनं इथं ठिवलंय, इथंच राहील.”

“मग फट तरी.”

“फट उघडली की ऊब जाती, पाणी थांबतं. मी परवा जरा उघडून बघितलं.” ते हलकेच बोलत होते, समजूत घातल्यासारखे. “तिचं तोंड बंद करू काय मी? सांग तू.”

किल्ली त्यांच्या कमरेला होती. महानंदा दारातून बाहेर पडली, समाधीपाशी जाऊन उभी राहिली आणि पदराने डोळे पुसून कामावर गेली. त्या दिवशी प्रथमच मी माझ्या पोटात बघितलं. राखेचा चिखल झाला होता. लिंबाचा पाला काळा पडला होता. एका रांजणाच्या काठावर पांढरी बुरशी चढत होती. सात घरांची भाकरी नासत होती आणि मी बेल बांधून घेत होते.

आठवड्याच्या सुट्टीला महानंदा भामाबाईला घेऊन आली. खडीच्या कामावर दोघी बरोबर होत्या; महानंदा आप्पांसाठी रोज घरी यायची, भामाबाई तिथेच निजायची. भामाबाई पायातल्या चपला काढून दारात बसली. तिचे हात खडीने फुटले होते.

“आप्पा, रागावू नका,” ती म्हणाली. “आम्ही कामावर निजतो तिथं असाच पत्र्याचा शेड हाय. तीस बाया दाटीनं निजताव. थंडीपायी आम्ही फटींत पोती कोंबली. तवापासून रोज सकाळी पत्र्यातून पाणी गळतंय, पांघरूण भिजतंय. आमच्या शेडापाशी कुणाची समाधी न्हाई.”

रेवणप्पांनी वर पत्र्याकडे बघितलं.

“ते आमचंच हाय, आप्पा. तोंडातनं निघतंय ते. आम्ही एक रात पोती काढून बघितलं, थंडीनं मेलाव, पण पत्रा कोरडा.”

“तुमचं तुमच्यापाशी,” रेवणप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका कडक ऐकला नव्हता. “हितं गंगम्मा हाय.”

“गंगम्मा माझीबी व्हती.” भामाबाई उठली. “पोरांच्या तोंडातली दोन पायल्या ज्वारी काढून तिच्या पदरात घातली मी. कुणाच्या भरवशावर घातली? तिच्या. तुमच्या न्हाई.”

ती चपला घालून निघून गेली. महानंदा तिच्या मागे गेली. रेवणप्पा दिवसभर समाधीच्या ओट्यावर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या पहाटे नेहमीसारखा पत्रा भरला. त्यांनी वाटी धरली नाही. ती रात्री बाहेर ओट्यावर राहिली होती, थंडीने गारठून गेली होती. ते बाहेर गेले, वाटी उचलली आणि उजेड यायची वाट बघत उभे राहिले. मग वाटी तोंडासमोर धरून त्यांनी तिच्यावर श्वास सोडला. काशावर धुकं चढलं. त्यांनी बोट फिरवलं, बोट ओलं झालं. पंच्याने वाटी पुसली, पुन्हा श्वास सोडला. पुन्हा ओलं. असं त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही, पण सूर्य वर येऊन वाटी कोमट होईपर्यंत ते तेच करत होते.

मग ते आत आले. माझ्या मधोमध उभे राहिले, आणि इतक्या हळू बोलले की बाहेर कुणाला ऐकू गेलं नसतं.

“मग तू न्हाईसच काय?”

माझ्या पत्र्यावरून तेव्हा थेंब पडत होते. मला ते थांबवायचे होते, मित्रांनो. मला थांबवता आले नाहीत. चाळीस दिवस ते ज्याला तिचं पाणी म्हणून लिंगावर घालत होते, ते त्यांचंच होतं. ते तिच्याशी जितकं बोलले, तितका माझा पत्रा ओला झाला होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला त्या वेळी माझी फार लाज वाटली आणि अजून वाटते.

त्यांनी महानंदाला हाक मारली. दोघांनी रांजण बाहेर उन्हात काढले. पहिल्याचं फडकं काढलं तर आत ढेकूळ झालं होतं, कुबट वास आला, मधूनमधून पांढरे कोंब होते. दुसरा तसाच. तिसरा आणि चौथा वरून निम्म्यापर्यंत गेले होते. पाचवा तेवढा कोपऱ्यात होता, तो वाचला होता. रेवणप्पांनी पहिल्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढून बघत राहिले.

“फट उघडली तर उद्यापासून ती यायची न्हाई,” ते म्हणाले.

महानंदा जमिनीवर बसून चांगले दाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आत्याबाई बी ठिवून गेल्यात, आप्पा,” ती म्हणाली. “पाणी न्हाई.”

ते उठले. पहार घेतली. तिला कुणाला हात लावू दिला नाही. चारी बाजूंनी, वितीवितीने, स्वतः लिंपलेली माती त्यांनी स्वतः फोडली. प्रत्येक घाव माझ्या अंगात घुमत होता. शेवटचा तुकडा समाधीकडच्या भिंतीवर होता. तिथे ते थांबले. पहार टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग तोही पाडला, आणि तिकडून थंड वारा आत आला आणि माझ्यातून आरपार गेला.

त्या रात्री ते घरात निजले. पहाटे माझा पत्रा कोरडा होता. ते आले, वर बघितलं, तळहातावर लिंग घेतलं आणि नुसत्या भस्माने पूजा केली. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत, तिच्याशीही नाही. मी किती वाट बघितली, पण नाही.

वाचलेलं बियाणं त्यांनी सावलीत वाळवलं. मग प्रत्येकातले दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवतात का ते बघितलं. त्याला पाणी लागतं, ते त्यांनी आपल्या पिण्यातलं काढलं. शेवटी सगळं धरून दीड रांजण बी पेरण्याजोगं निघालं. पाच रांजणांतलं दीड.

पुढच्या मृगात पाऊस पडला. लोक मळ्यात आले. रेवणप्पांनी त्यांना झालेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मान खाली घालून सांगितलं. मग मापटं घेऊन त्यांनी पहिल्यांदा भामाबाईला बोलावलं आणि तिच्या दोन पायल्या पुऱ्या मोजून दिल्या. मग बाकीच्या घरांना, जमेल तसं, कुणाला निम्मं, कुणाला तिसरा हिस्सा. सातवं माप घालताना रांजणाच्या तळाला मापटं खरवडलं. महानंदा बाजूला उभी होती. तिच्या हातात रिकामं सूप होतं. घरच्या शेतासाठी तिने ते आणलं होतं.

“आप्पा, आपलं?” ती म्हणाली.

“आपलं मी पेरून बसलोय,” ते म्हणाले, आणि वर माझ्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

त्या वर्षी सगळ्यांची शेतं हिरवी झाली, पातळ का होईना. आमचं रान काळं राहिलं. भामाबाई सुगीला एक टोपली ज्वारी घेऊन आली, पायरीवर ठेवली आणि परत गेली. पुढच्या पेरणीला महानंदाने त्यातलंच बी काढलं.

आता दहा वर्षं झाली. लातूर जिल्हा झाला. दीड कोस आता दीड कोस राहिला नाही. शहर इकडे सरकत आलं, मळ्याच्या पलीकडे सरकारी वसाहतीची आखणी झाली. एका ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंट ठेवायला मला मागून घेतलं, आणि थंडीपावसापासून जपायचं म्हणून माझ्या फटीत प्लॅस्टिक आणि चिंध्या कोंबल्या. महानंदाने त्यांना सांगितलं होतं. ते हसले. राखणदार आत स्टोव्हवर चहा करायचा आणि तिथेच निजायचा. महिन्याभरात त्यांचं सिमेंट पोत्यासकट दगड झालं. मग कुणीतरी समाधीकडे बोट दाखवलं आणि भुताची गोष्ट झाली. ती माणसं इतकी घाबरली की पोती तशीच टाकून गेली. चिंध्या महानंदाने ओढून काढल्या. पोती अजून माझ्यात आहेत, कुणाला हवी असतील तर न्या.

माझा पत्रा आता गंजला आहे. उद्या मला मोडतील, माझे पत्रे आणखी कुणाच्या छपरावर जातील. तुमच्याही जातील कदाचित. मित्रांनो, तेव्हा एवढं करा. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडा. खाली गवताचा थर द्या, ओलं आत नेऊ नका, सकाळी दार उघडा. थंडी वाजेल, ती सोसा. जे जपायचं आहे ते कोंडून घातलं की नासतं. हे मला सांगायला कुणी नव्हतं असं नाही. सांगणारी होती, आणि मी तिच्यावर रागावले होते.

आणि भुताचं म्हणाल, तर तेही सांगते. रेवणप्पा आता सत्तरीपुढचे आहेत, काठी धरून चालतात. थंडीच्या दिवसांत, आठवड्यातून एखाद्या पहाटे, ते एकटेच मळ्यातून इकडे येतात. आत येत नाहीत. समाधीकडच्या अंगाने माझ्या पत्र्यापाशी येऊन उभे राहतात, तोंड अगदी जवळ आणतात आणि एकदाच, लांब श्वास सोडतात. पत्र्यावर तळहाताएवढा ओला डाग उठतो. तो हळूहळू विरून जातो, तोवर ते बघत राहतात. मग घरी जातात.